डाव्या पावडीची दोरी

गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
मे महिन्यात कूलरचं तोंड माझ्याकडे नसतं,
सीपीयूकडे असतं.
मी घामेजलो तर चालतं. तो तापला
की नव्वद टक्क्यांवर रेंडर मरतं
आणि रात्र पुन्हा पहिल्यापासून.

वाल्मिक हेडाऊ तांडापेठेतून टेप घेऊन आले,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
बहिणीचा साखरपुडा, सन ब्याण्णव, तीन तास.
"एकाच डिस्कमदी बसवा.
अन् तो मांगचा खटखटाट जमलं तं काढून टाका.
आमच्या बाबानं त्या दिवशीबी माग बंद नाई केला."

रात्री साडेअकराला तोच चौकोन पडद्यावर,
रोजचाच प्रश्न: आवाज कशात?
डॉल्बी, एकशे ब्याण्णव. हे माझं नेहमीचं.
लग्नं, बारशी, नगरसेवकांचे सत्कार
सगळं मी त्यातच कोंबलंय.
तो हुशार आहे. माणसाच्या कानाला
जे कळणार नाही असं त्याला वाटतं
ते गाळतो. आजवर एकही तक्रार नाही.
एमपीईजी तर नकोच. एका घरी वाजतं,
शेजारच्या घरातला प्लेअर मुका बसतो.
उरलं पीसीएम.
सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजतं
आणि मोजलेलं सगळं लिहून ठेवतं,
सूत मोजून घेणाऱ्या चिकट शेठसारखं.
डॉल्बीच्या आठपट जागा खातं,
आणि ती चित्राच्या ताटातून उचलतं.

सवयीनं एक मिनिट डॉल्बीत काढलं,
हेडफोन लावला.
पेढे, हशा, "इकडे बघा, इकडे", सगळं ठीक.
मागच्या खोलीतला माग मात्र ओलसर.
ठोका पडायच्या आधीच
ठोक्याची एक फुसकी चाहूल,
मग ठोका, कडा झिजलेला,
कुणी फणी गादीवर आपटावी तसा.
मूळ टेप लावली.
खट्.

तसा तो मी पुसणारच होतो,
गिऱ्हाइकाचा शब्द.
पण पुसायला गेलो तर
बहिणीच्या उखाण्यातलं नाव
नेमकं एका ठोक्याखाली दबलेलं.
ठोका खरवडला की नावही जायचं.
तीनदा करून पाहिलं. तीनदा गेलं.

मग पीसीएम.
चित्राला उरलं दोन मेगाबिटच्याही आत.
त्या टेपचे रंग आधीच उडालेले,
शालू शेवाळी, पाहुण्यांचे चेहरे पिठासारखे,
तिला आता आणखी काय गमवायचंय.
ओके दाबलं. चार तास सत्तावीस मिनिटं.
दीडला लाइट गेली, यूपीएस बोंबलला,
अकराव्या मिनिटाला आली.
मी खुर्चीतच होतो.

"चित्र फुटून राहिलं ना राजेहो.
अन् खटखट तं तशीच हाय!"
हेडाऊंनी पन्नास रुपये कापले.
मी काही बोललो नाही. पंचेचाळीस डिग्रीत
बिटरेट कुणाला समजावायचा?

आठवड्यानं पुन्हा दारात.
अजून दोन कॉप्या पाहिजेत म्हणाले.
मी विचारलं नाही, तेच सांगू लागले.
मोहाडीहून मोठे काका आले होते.
सगळे टीव्हीपुढे,
"हा कोण, ती कोण" चाललेलं,
काका पाठ करून बसलेले,
चहा बशीत ओतून फुंकत.
बशी ओठापाशी थांबली.
"डाव्या पावडीची दोरी ढिली हाय," म्हणे.
"गंग्याले किती डाव सांगतलं."

"गंग्या म्हणजे आमचे बाबा,"
हेडाऊ काचेवरची धूळ बोटानं सारत म्हणाले.
"त्या आवाजात... तुम्ही काही केलं काय?"

"नाही," मी म्हटलं. खरंच काही केलं नव्हतं.

कापलेले पन्नास त्यांनी काचेवर ठेवले.
मी पावती फाडली.
कॉप्या: दोन. आवाज: तोच.