पंखा एकवर

मंडळ आधी फॉर्मवर स्थापन झालं,
मग शाळेत.
पुण्याच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या,
मार्क सगळ्यांनाच असतात, बेटा,
तू काय उभं केलंस ते दाखव.
तोवर मी फक्त स्टँडवर आडव्या पडलेल्या
सायकली उभ्या केल्या होत्या.

म्हणून दुरुस्ती मंडळ.
दर शनिवारी, रसायनच्या प्रयोगशाळेत,
मागच्या दोन टेबलांवर.
चौघं संस्थापक. त्यातच अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव मी.
सदस्य व्हायला कुणी उरलंच नाही.
बॅनर पहिल्याच दिवशी आला, अशोक चौकातून छापून.
स्क्रू ड्रायव्हर तिसऱ्या आठवड्यात.

मला आकडे जमायचे.
एक इस्त्री म्हणजे एक कुटुंब,
कुटुंब म्हणजे पाच माणसं.
मिक्सरचं नुसतं झाकण बसवलं, तरी पाच.
सहामाहीपर्यंत आम्ही दोनशे चार आयुष्यं बदलली,
त्यात प्रणिता यमूलच्या मामाचा रेडिओ
चार वेगवेगळ्या नावांनी.

नूरुद्दीन आला तो फॉर्मशिवाय.
अकरावी ब. वडिलांचं वायंडिंगचं दुकान विजापूर वेशीत.
त्याला कुठंच जायचं नव्हतं.
मी विचारलं, पद कुठलं देऊ?
तो म्हणाला, मल्टिमीटर दे.

नरसव्वा आली ऑक्टोबरच्या उन्हात,
कडेवर टेबलफॅन.
आम्ही कॅपॅसिटर बदलला.
पंखा असा सुटला की लिटमसचे कागद
खिडकीपर्यंत गेले.
टाळ्या. फोटो.
फोटोत ती पंख्याकडे बघत नाहीय,
दाराकडे बघतेय.

पुढच्या शनिवारी परत ती, परत तोच पंखा.
आम्ही तेल सोडलं. आणखी जोरात.
वहीत लिहिलं: लाभार्थी पाच.
मागच्या शनिवारचे पाच होतेच.

तिसऱ्या शनिवारी नूरनं पंखा उघडलाच नाही.
तिच्या शेजारी बाकावर बसला.
मावशी, घरी काय करता?

विड्या.
सुपात तंबाखू असतंय, फडक्यात ओली पानं.
तुमचं वारं लागलं की तंबाखू उडतंय,
पान वाळतंय, वळताना फुटतंय.
हजार भरंनात बाबा.
माझा पंखा हळू फिरायचा, तसाच दे की.

मग पहिल्यांदा आणलात कशाला?

वायर शॉक देत होती.

आम्ही चौघं संस्थापक
बुन्सेन बर्नरकडे बघत राहिलो.

नूरनं वायर बदलली.
मग खोक्याच्या तळातून तिचा जुना कॅपॅसिटर काढला,
आम्ही टाकलेला, त्यानं ठेवलेला,
आणि परत लावला.
पाती मोजता येतील इतका हळू फिरू लागला पंखा.
नरसव्वानं हात पुढं धरून बघितलं,
गिऱ्हाईक कापड बघतं तसं.
हां, म्हणाली. पुढं काही नाही.
फोटो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

फॉर्ममध्ये चौकट होती:
तुमच्या नेतृत्वामुळे काय बदललं,
दीडशे अक्षरांत.
मी पंख्याबद्दल लिहिलं. मॅडम म्हणाल्या,
छान आहे, पण यात तू कुठं आहेस?
बाकावर नव्हतो, हे खरं.
रात्री पावणेबाराला, मुदत संपता संपता,
मी दोनशे चौदा लिहून पाठवून दिलं.

वहीत मात्र नरसव्वापुढचे दोन्ही पाच खोडले
आणि लिहिलं: एक. वायर.
बाकीची पानं अजून तशीच आहेत,
त्यांना हात लावायचा धीर होत नाही.

किल्ली आता नूरकडे असते.
बॅनर त्यानं काढलेला नाही,
उलटा करून टेबलावर अंथरलाय,
सोल्डरचे डाग पडू नयेत म्हणून.