रिकामा रकाना

वेसाव्याला बर्फाच्या कारखान्यामागे
सोसायटीची डिझेलच्या पावत्यांची खोली आहे.
तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरला मी सर्व्हर म्हणतो.
खारं वारं त्याच्या पाठीत घुसतं,
दर पंधरवड्याला पोर्टमधला हिरवा गंज
टूथब्रशने खरवडावा लागतो.

भाड्याची सोय होती, नाही असं नाही.
महिन्याला इतके डॉलर,
ॲप कुठेही कोसळलं की बातमी थेट माझ्या खिशात.
पण मोरेश्वर टपके, सोसायटीचे चेअरमन,
तंबाखू मळता मळता म्हणाले,
त्या रिपोर्टात काय काय जातं?
मी म्हटलं, फोनचा मेक, बॅटरी, मेमरी,
कुठल्या ओळीवर पडलं ते.
आणि जागा?
जागा पण.
मग नको.
पापलेट किती वावात लागतं
हे बापाने पोराला सांगायचं,
तेही पोराचं लग्न झाल्यावर.

म्हणून मग आपलं आपण.
तीन रात्री डेटाबेस उभा केला, तो तीनदा आडवा झाला.
बर्फाचा क्रशर सुरू झाला की बल्ब पिवळा पडायचा
आणि सर्व्हर झोपेतून उठवल्यासारखा
मलाच विचारायचा, तू कोण, पासवर्ड सांग.
चौथ्या रात्री माझ्याच फोनवर ॲप मुद्दाम पाडलं.
पडद्यावर एक लाल ओळ उमटली.
काहीतरी नीट मोडलं
म्हणून मी चहा सांगितला, स्पेशल.

आत दर्यात टॉवर नाही.
तिथे फोन म्हणजे टॉर्च आणि भरून नेलेली गाणी.
ॲप पडलं तर दुखणं पोटात ठेवून गप्प राहतं
आणि परततांना मढचा किल्ला दिसू लागला
की सगळं एकदम ओकतं.
हे मी ठरवून केलं नव्हतं,
पण पहाटे लाल ओळी आल्या की कळायचं
कोण आलं.
बर्फाच्या लाद्या मोजणारी कुंदाताई
दारातून डोकं घालून विचारू लागली,
आज कुणाचं पडलं?

जयवंत भानजीची ‘हिंगळाई कृपा’
तीन दिवस उशिरा होती.
वायरलेसवर नुसती खरखर.
त्याची बायको सुगंधा रात्री खोलीत आली,
पावत्यांच्या गठ्ठ्यावर बसली
आणि पडद्याकडे बघत राहिली,
इंग्रजी तिला येत नाही, मलाही तेव्हा येत नव्हतं.
चार वाजून दहा मिनिटांनी एक ओळ.
मग दुसरी. मग भराभर, सोळा.
त्याचा फोन? तिने विचारलं.
त्याचाच.
ती उठली, पाटी उचलली, बंदराकडे गेली,
सोळापैकी एकही न वाचता.

मी वाचले.
सोळाही एकाच ओळीवर पडलेले.
मावऱ्याचं वजन, किलोमध्ये.
रकाना रिकामा.

दुपारी जयवंत जाळं शिवत होता.
म्हटलं, काही नव्हतं तर शून्य टाकायचं की रे.
त्याने सुई थांबवली नाही.
बोटीवर तो आकडा लिहीत नाहीत, म्हणाला,
परत टाकायचं असतं ना जाळं.

म्हणजे सोळा वेळा जाळं वर आलं,
सोळा वेळा त्याने ओल्या बोटाने तो रकाना उघडला,
तसाच सोडला,
आणि माझं ॲप त्याच्या हातात मेलं.
वर पुन्हा त्यालाच म्हणालं,
क्षमस्व, काहीतरी चुकलं.

दुरुस्ती दोन ओळींची होती.
कोरं असेल तर कोरं राहू दे.
सगळ्या बोटींवर पोचायला पंधरा दिवस गेले.

आता पहाटे पडदा स्वच्छ असतो.
सर्व्हर चालू आहे, पंखा फिरतोय, मी दोनदा बघितलं.
कुंदाताई विचारते, कुणाचं पडलं?
कुणाचंच नाही, म्हणतो,
आणि चपला पायात सरकवून
जेटीपर्यंत जाऊन येतो,
बोटी मोजायला.