सलामत

नऊ महिन्यांनी बोटीवरून उतरलेला माणूस
नेरूळच्या ओट्याशी उभा राहून म्हणाला,
'आंग गांदा मो.'
मी कांदाच चिरत होते.
म्हटलं, अंगाला वास येणारच,
कोलीम परतायचाय अजून.

हसला. अर्थ सांगेना.
सव्वीस वर्षांत याचं कौतुक म्हणजे
'मीठ बरोबर पडलंय',
आणि एकदा, पुतण्याच्या हळदीला,
'बरी दिसतेस, चल, उशीर होतोय.'

रात्री फोनवर त्याच्या बोटीचा कुक दिसला, रोदेल.
त्यानेच मोडक्या इंग्रजीत फोड करून सांगितली:
किती सुंदर आहेस तू.
मागे हा उगाच गिझरचं बटण तपासत होता.

'मराठीत म्हण की एकदा.'
'मराठीत कसंतरीच वाटतं गं.'

बरं, मग यावर उत्तर काय देतात?
'सलामत. म्हणजे थँक्यू.'
थँक्यू? आपल्याकडे तर
वादळातून परतलेल्या होडीला म्हणतात तसं.

काल पहाटे टॅक्सी आली. डिकीत दोन बॅगा.
काच खाली करून त्याने
तेच तीन शब्द टाकले, वॉचमनसमोर.

सलामत, मी म्हटलं.
टॅक्सी सेक्टरच्या कोपऱ्यावर वळेतो
आणखी एकदा.