वाहून आलेलं

पाणी ओसरून अकरा दिवस झाले.
रोज नऊला मी स्कूटर पुलाच्या तोंडाशी लावते,
खाली वस्तीत ती अजून जात नाही.
पायात गमबूट, एक नंबर मोठे,
पिशवीत क्लोरीनच्या गोळ्या, शाईचं पॅड,
आणि फॉर्मांचा गठ्ठा, कडा दमट.
इथे माझं नाव फॉर्मवाळां बेन.
दांडिया बाजारातलं आडनाव
विश्वामित्रीच्या चिखलात कुणाच्या कामाचं नाही.

चिखलाला आता वास राहिला नाही
की मलाच तो येईनासा झालाय, कळत नाही.
घरी आई मात्र दारातच थांबवते,
लांबूनच बादली सरकवते.

रकाना चार : वाहून गेलेल्या वस्तू.
लिहा, मिक्सर. लिहा, दोन पेट्या.
लिहा, पोरीचं दहावीचं मार्कशीट.
लिहा, शिवणयंत्र. म्हणजे आहे,
पण पोटात गाळ सुकलाय, चाक फिरत नाही.
ते 'अंशतः'मध्ये जातं.
अंशतःला निम्मे पैसे.
मंगूभाईंनी विचारलं, झोप कुठे लिहायची?
ते हसले म्हणून मीही हसले,
पेन तेवढं तसंच धरून राहिले.

कुणाच्या तरी मोरीत मगर निघाली होती.
तिला न्यायला माणसं तासाभरात आली,
जाळं घेऊन, गाडी घेऊन.
एवढं सांगून बायका एकमेकींकडे बघतात,
मग माझ्याकडे.

शेवटच्या ओळीत झीणीबेन तडवी.
भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर पाण्याची रेघ,
खाली जमीन लख्ख सारवलेली.
काय काय गेलं, मी विचारते.
होतं ते गेलं, ती म्हणते, लिही तुझ्या मनानं.
पण हे आलंय, ते कुठे लिहितेस?

आणि खाटेखालून एकेक काढते :
कुकरचं झाकण, शिट्टीसकट.
लहान पोराची चप्पल, डाव्या पायाची.
लग्नाचा फोटो, नवरी विरघळलेली,
नवऱ्याचा फेटा शाबूत.
देवघरातली घंटा.
एक कुलूप, बंद.
सगळं राखेनं घासलेलं, फोटो सोडून.
"कोणाचं तरी असेल ने," म्हणते,
"शोधत असतील."

फॉर्ममध्ये असा रकाना नाही.
मी कागद उलटा करते.
मागची बाजू कोरी असते
आणि ऑफिसात ती कुणी बघत नाही.
तिथे लिहिते : वाहून आलेल्या वस्तू, पाच.
तिचा अंगठा घेते,
दोन्हीकडे.

तेव्हापासून झाकण माझ्या पिशवीत.
दर घरी सगळं लिहून झालं की विचारते :
पाच लिटरचं आहे, मूठ सुतळीनं बांधलेली,
आतून जरा काळं.
लोक हातात घेतात, उलटसुलट करतात,
रबर नाही, म्हणतात, जणू तेवढंच नाही.
एका बाईनं शिट्टी उचलून सोडली,
परत उचलून सोडली.
तिचा कुकर गेलाय, अख्खा,
काल मीच लिहिलाय रकाना चारमध्ये.
तुझंच का, मी विचारलं.
माझ्याला सुतळी नव्हती, ती म्हणाली,
आणि तरी लगेच परत दिलं नाही.

संध्याकाळी ढवळेसाहेबांचा फोन :
साठ व्हायला हवे होते, त्रेचाळीसच कसे?
ऊन फार होतं, मी म्हटलं.
दिवसभर ढग होते.

रात्री आईनं बादली सरकवली.
बूट काढताना पिशवी कलंडली,
झाकण घरंगळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं.
तिनं उचललं, काही न विचारता
ओट्यावरच्या आमच्या कुकरवर ठेवून
फिरवून पाहिलं.
बसलं नाही.
मग विसळलं, आमच्या झाकणाशेजारी पालथं घातलं,
आणि भात वाढता वाढता म्हणाली,
उद्या पुलाच्या पलीकडे विचार.