रस्ता किती, माती किती

शिळफाट्याच्या अलीकडे, बायपासच्या उताराला
यूनुस चौगुलेचं दुकान.
तो आधी किंमत सांगत नाही. विचारतो,
रस्ता किती, माती किती?

निम्मं-निम्मं, मी म्हणते.

तो जीपभोवती एक चक्कर मारतो,
डाव्या चाकाशी उकिडवा बसतो,
खाचेत टोचणी घालतो
आणि निघेल ते तळहातावर घेतो:
पेव्हर ब्लॉकचा कोपरा,
स्टेपलरची पिन,
कुणाच्या तरी बाथरूमची निळी टाईल.
खाचेत रुपया उभा करतो.
रुपया नीट बुडतही नाही.
कडेला जास्त झिजलंय, म्हणतो,
सोसायटीत रॅम्प आहे ना, वळणाचा?

आहे.
वीस वर्षं घरपट्टी खात्यात
मी लोकांची खोटी क्षेत्रफळं पकडली,
पोटमाळे, आत ओढलेल्या बाल्कन्या.
आज कुणीतरी माझं मोजत होतं
आणि दंड किती ते सांगत नव्हतं.

मग खरं सांगते, घासाघीस करत.
येऊर दोनदा; डांबर संपलं तिथंच थांबले.
बारवीच्या मागची वाट, गेल्या मार्चात;
एका म्हशीनं रस्ता दिला नाही, परत फिरले.
आणि घोडबंदर? तो मातीत धरायचा का?
यूनुस हसत नाही.
घोडबंदरचं खातं वेगळं, म्हणतो.
वहीत लिहितो: नव्वद-दहा.

पत्र्याला टेकून तीन टायर उभे.
पहिला शहाणा, बारीक नक्षीचा, मुका.
तिसरा राक्षस. मुठीएवढे ठोकळे,
चिखल चावून थुंकणारा,
डांबरावर मात्र वर्षभरात बोडका होणारा.
मधल्यावर तो हात ठेवतो,
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
हा दोन्हीकडचा, मॅडम. दोन्हीकडे थोडा थोडा कमी.
साठच्या पुढे गुणगुणतो,
कानाशी मधमाशी बसल्यासारखी.
लिटरमागे एखादा किलोमीटर खाईल.
नंतर सांगितलं नाही म्हणू नका.

मी त्याच्या अंगावरचे रबराचे केस चाचपते.
बाजूला चार आकडे: आठवडा आणि साल.
हा जन्मला अकराव्या आठवड्यात,
ऑफिसात आमची मार्चअखेर चालू असताना.

चार देऊ की पाच?
चार. स्टेपनी कोरीच आहे.

तो मागच्या दारावरचं कव्हर उतरवतो.
खरंच कोरी. केस शाबूत.
बारा वर्षं माझ्या पाठीला पाठ लावून
सगळं ठाणं उलटं बघितलेली,
जमिनीला एकदाही न लागलेली.
यूनुस अंगठ्यानं तिची कूस दाबतो
आणि रबर उलतं, टाचेसारखं.
ताई, तो म्हणतो
(मॅडमवरून ताईवर कधी आला, कळलं नाही),
न चालताही रबर म्हातारं होतं.

पाच घेतले. हप्त्यांवर.
रिमला शिशाचे तुकडे ठोकून झाले, हवा भरली.
मातीत उतराल तेव्हा बावीसवर आणा,
वर आलात की परत भरा.
भरायला विसरतात सगळे.

मधमाशी खरंच आहे.
लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे बेंद्रे विचारतात,
गाडीला काही झालंय का?

दिवाळीनंतर हवा तपासायला गेले
तर दुकानाच्या तोंडाशी माझी स्टेपनी,
कमरेपर्यंत मुरुमात पुरलेली,
अंगावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर' आणि एक बाण.
भेगांत लाल माती बसलेली.

किती? यूनुसनं विचारलं.
मी काही बोलले नाही.
तो टोचणी घेऊन उकिडवा बसला.
पहिल्याच खाचेतून निघालं
शेणाचं सुकं ढेकूळ.
त्यानं ते उजेडात धरलं, वास घेतला.
म्हशीनं रस्ता दिला वाटतं, म्हणाला.