मूरु म्हटलं की

समुद्र इथून लांब. चोर्ला घाट उतरायचा,
गोवा लागायचा, मग कुठं तो.
आमच्या उद्यमबागेत पाणी म्हणजे
कूलिंगच्या टाकीतलं, हिरवट,
नाहीतर चहाच्या किटलीतलं.

खंडेनवमीचा झेंडू भट्टीच्या पॅनेलवर
अजून पुरता वाळला नव्हता, तेव्हा ऑर्डर आली:
जहाजाच्या पंपाची केसिंगं, चाळीस नग.
जहाजं सुरुंग हुडकणारी.
थोडी हॉलंडची, थोडी बेल्जियमची,
पण नकाशा एक, नमुना एक.
मालक म्हणाले, पॅटर्न जपून वापर, भरमा.
बावीस वर्षं मोल्डिंगला काढली,
आणि मला सांगतात.

तपासायला दोघं आली.
योप, दारातनं वाकून शिरणारा,
आणि सिल्व्ही, जिच्या हातातलं कॅलिपर
जेवतानाही सुटायचं नाही.
एरवी आपसात इंग्रजी. वाद पेटला की
हा आपल्या भाषेत, ती आपल्या,
आणि वाद लवकर मिटायचा, कारण
एकमेकांचं निम्मंच कळायचं.

चहाला तिनं मोबाईलवर दाखवला
समुद्रातनं काढलेला सुरुंग.
गंजका, काटेरी, अंगभर शिंपले.
"फणस की रे हा," ईराण्णा म्हणाला,
"खानापूरचा."
ऐंशी वर्षं झाली टाकून, ती म्हणाली.
टाकणारे गेले. हा जागाच आहे.
दस्तगीरनं बशीतला चहा
परत कपात ओतला.

मग सांगत बसली: आरमारं दोन,
वरचा साहेब एक.
ही जहाजं यांनी दुरुस्त करायची, ती त्यांनी.
"भांडत नाही?" मी विचारलं.
"रोज," योप म्हणाला. "पैशावरनं.
जेवणावरनं तर विचारू नका."
आणि तिनं सहज विचारलं,
भट्टीपाशी तुमचा हुकूम कुठल्या भाषेत असतो?
क्वालिटीच्या रेणुकानं ते मला मराठीत सांगितलं,
मग ईराण्णाला कन्नडमध्ये,
गरज नसताना.

ईराण्णानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.
लेडलच्या दांडीचं एक टोक त्याचं, एक माझं,
मध्ये चौदाशे अंशांचं लोखंड,
आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळच्या पाळीला कान देऊन ऐकलं.
ओंदु, तो म्हणाला.
दोन, मी म्हणालो.
मूरु म्हटलं की उचलायचं, हे कधी ठरलं,
कुणी ठरवलं?
ऐकत राहिलो म्हणून पाऊल चुकलं.
लोखंड सांडलं, बोराएवढे थेंब
वाळूवर नाचत बुटांपर्यंत आले.
दस्तगीरनं शिवी हासडली,
ती तिसऱ्याच भाषेत.

एक नोव्हेंबरला दोघंही कामावर नव्हतो.
तो त्याच्या मिरवणुकीत, गळ्यात पिवळा-लाल पट्टा.
मी आमच्या फेरीत, दंडाला काळी फीत.
मध्ये पोलीस, आणि लोखंडी कठडे,
तेही बहुतेक उद्यमबागेतलेच.
त्यानं मला बघितलं असणार.
मी त्याला बघितलं.
मी घोषणा थांबवली नाही, खोटं कशाला सांगू.
त्यानंही नसेल थांबवली.

दोन तारखेला एकतीस नंबर ओतायचा होता.
वाळू दाबून झाली, साचा मिटला,
भट्टी पांढरी पडली.
हातमोजे चढवताना तो म्हणाला,
"घसा बसलाय की रे तुझा."
त्याचाही बसला होता.

त्यामुळं त्या दिवशी कुणी मोजलंच नाही.
त्यानं श्वास घेतला, मी ऐकला,
दांडी उचलली गेली.

एकतीस नंबर पाण्याच्या दाबाला टिकला.
बत्तीस गळला.