खड्डे बुजवण्याआधी

हलच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरवर कुणाचे तरी ओले हातमोजे
आणि टेबलावर माझी तीन चित्रं.
वर्षभराच्या कार्यक्रमांचं मिळून एकच पोस्टर हवंय:
ऑक्टोबरची जत्रा, गोदीवरचा गाण्यांचा रविवार,
नाताळचे दिवे, आणि ती बदकांची शर्यत,
रबरी बदकांची, जिच्यावर गिलियन स्टेदरबाई
कुणालाही हसू देत नाहीत.

पहिल्यात पूल, पुलावर आतषबाजी.
दुसऱ्यात हात, सगळ्या रंगांचे, गोल धरलेले.
काढले मीच, पण काढताना बोटांना
बँकेच्या जाहिरातीचा वास येत होता.
तिसऱ्यात नुसती ठसठशीत अक्षरं.
"हे स्वस्तात छापून होईल," किथ म्हणाला,
आणि त्याचं बिस्किट चहात पडलं.

स्टेदरबाई पुलाच्या बाजूच्या.
हिवाचं स्प्रिंग बँकवर सलून आहे, तो म्हणाला,
पूल छानच, पण पुलावर जत्रा कुठे भरते?
पूल तर निघून जायला असतो.
कुणीतरी हे लिहून घेतलं, मग खोडलं.

तेव्हा मी पिशवीतून चौथं काढलं.
दाखवायचं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण.

बागेतलं मैदान, वरून पाहिलेलं, मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
लाकडी घोडे फिरले तिथे फिकट पिवळं वर्तुळ,
चहाच्या गाडीचा चौकोन,
आणि आइस्क्रीमसाठी रांग होती तिथे
गवत आडवं झालेलं, नागमोडी.
माणूस एकही नाही.

कुणी बोललं नाही. रेडिएटर तेवढा बोलला.

काय सांगणार होतो त्यांना?
की इचलकरंजीत आमचा मंडपाचा धंदा,
लग्नं, सभा, सत्कार, सगळं मी मागच्या बाजूनं पाहिलं;
आत लाडू वाढत असायचे
तेव्हा आम्ही बाहेर दोऱ्या सैल करत असू,
बाबा खुर्च्या मोजत, मोठ्यानं,
एकशे अकरा, एकशे बारा,
एक नेहमी कमी,
एक नेहमी कुणाच्या तरी ओसरीवर राहिलेली.
बांबू उपटले की गल्लीत दोन ओळी खड्डे.
सकाळी शाळेला जाताना
मी एकेका खड्ड्यात पाय ठेवत जायचो:
इथे नवरी रडली, इथे क्लॅरिनेटवाला घामेजला,
इथे तो म्हातारा,
ज्याला कुणी बोलावत नसे
आणि जो कुठलीच पंगत चुकवत नसे.
मुरूम यायचा चार-पाच दिवसांनी, खड्डे बुजवायला.
तोवर लग्न पुरतं संपलेलं नसायचं.

म्हणालो एवढंच, "संपल्यावर असं दिसतं."
"लोकांना वाटेल," किथ म्हणाला,
"आपण गवताची वाट लावतो."
आणि खरंच, वाटेल.

मतं घेतली. पुलाला चार, अक्षरांना दोन,
हातांसाठी एकही हात वर नाही.
गवताला एक. हिवा.

बाहेर पडताना स्टेदरबाई दारात थांबल्या,
कोटाचं बटण भलत्याच काजात लावत.
"त्या रांगेत," म्हणाल्या, "अगदी वळणावर,
मला माझा नवरा भेटला. आइस्क्रीम त्याच्या बाहीवर सांडलं.
गवत मीही तुडवलंय, बरं का.
पण पोस्टरवर आपला पूलच बरा."

तर आता पूल रंगवतोय.
सांगितलं तसं, आतषबाजीसकट.
फक्त खाली, काठावरच्या हिरव्यात,
नखाएवढं एक फिकट वर्तुळ सोडलंय.
छापखान्यातून फोन येईल हे ठाऊक आहे:
डाग दिसतोय, काढू का?

राहू दे, म्हणेन.
अजून मुरूम यायचाय.